पालथे दहा दिवस

घड्याळजींनी आयुष्यात कधी कुणाचं ऐकलं नाही, आणि नशिबानं त्यांना दुखणं दिलं तेही असं, की ऐकण्यावाचून गत्यंतर नाही.

उजव्या डोळ्याचा पडदा सुटला होता. दुकानात कुणाचं तरी मनगटी घड्याळ उघडून बसले असताना डोळ्यासमोर काळ्या माश्या उडायला लागल्या. शहाण्या माणसानं काम बाजूला ठेवलं असतं. यांनी दोन तास माश्या हाकलल्या. मग एका बाजूनं काळोख सरकत आला, तेव्हा कुठे स्वारी भिंत धरत घरी आली आणि बायकोला म्हणाली, "अगं, दुकानातला दिवा खराब झालाय बहुतेक."

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून नीट समजावलं. डोळ्यात गॅसचा बुडबुडा सोडलाय. बुडबुडा नेहमी वर जातो. माणूस पालथा राहिला, तर तो मागे पडद्यापर्यंत जाऊन त्याला भिंतीशी दाबून धरतो आणि पडदा हळूहळू चिकटतो. दहा दिवस पालथं राहायचं. तासातली पन्नास मिनिटं तोंड जमिनीकडे, दहा मिनिटं खाण्यापिण्याला आणि पाय मोकळे करायला. झोपायचं तेही पालथंच.

"आणि नाही राहिलो तर?" घड्याळजींनी विचारलं.

"तर त्या डोळ्याला पुन्हा भिंग लावता येईल असं मी सांगू शकत नाही," बाई म्हणाल्या.

डावा डोळा लहानपणापासून मंद होता. त्याला दार दिसायचं, दाराची कडी दिसायची नाही. म्हणजे उजवा गेला की दुकान गेलं आणि वाचनही गेलं. या दोन गोष्टी वजा केल्या तर आपल्या नवऱ्यात उरतं काय, याचा हिशोब बायकोनं रिक्षात बसल्या बसल्या केला. उत्तर आलं, कटकट. तिला हसू आलं आणि लगेच मावळलं. पालथ्या घड्यावर पाणी कशाला म्हणतात हे तिला लग्नाच्या पहिल्या आठवड्यापासून ठाऊक होतं. आता घडा खरोखरच पालथा पडणार होता, आणि दहा दिवस त्याला तसाच ठेवायची जबाबदारी तिच्यावर होती.

ती कपडे दुरुस्त करायची. लांबी कमी करणं, चेन बदलणं, लोक जाड झाले की कंबर सोडणं आणि बारीक होण्याचं ठरवलं की पुन्हा घेणं. घरी आल्यावर तिनं पहिलं काम काय केलं, तर जुन्या उशीला मधोमध भोक पाडलं, कडेनं दुहेरी शिलाई मारली आणि ती उशी टेबलाच्या कडेला बांधली. घड्याळजींनी खुर्चीत बसून कपाळ त्यात टेकवलं. त्यांना आता स्वतःचे पाय आणि फरशीचे चार चौकोन एवढंच दिसत होतं, तेही डाव्या डोळ्यानं, म्हणजे न दिसल्यासारखंच.

अकरा मिनिटांनी ते म्हणाले, "झाली का पन्नास?"

पहिल्याच दिवशी ते नऊ वेळा उठले. दार वाजलं म्हणून उठले, दार वाजलं नाही म्हणून उठले. तिनं रागावून पाहिलं, गोड बोलून पाहिलं, शेवटी त्यांच्या बहिणीला फोन केला. "वन्सं, तुमचा भाऊ डोळा घालवून बसणार आहे."

थोरल्या वन्सं शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या. भावाला त्या अजूनही 'टिकटिक्या' म्हणायच्या. त्या आल्या नाहीत, त्यांनी त्याच संध्याकाळी पुस्तक पाठवलं. विटेएवढं जाड.

या बहीणभावांना एकच व्यसन होतं. इंग्लंडातल्या खऱ्या माणसांवर, खऱ्या घटनांवर बेतलेल्या कादंबऱ्या. कुठल्या राणीचं डोकं कसं गेलं, कुठल्या सालच्या प्लेगात कुठलं गाव दारं लावून बसलं, लंडन जळत होतं तेव्हा कोण काय घेऊन पळालं, हे त्यांना शेजाऱ्यांच्या भानगडींपेक्षा जास्त माहीत. बायकोनं त्यातलं एकही पुस्तक उघडलं नव्हतं. "तीनशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसांची काळजी करायला मला सवड नाही," असं ती म्हणायची. "जिवंत आहेत त्यांचीच पुरते."

शिवाय त्यांचा एक खेळ होता. या कादंबऱ्यांच्या शेवटी लेखकाच्या टिपा असतात. कुठल्या प्रकरणातलं काय खरं घडलेलं आणि काय पदरचं घातलेलं, ते त्यात सांगितलेलं असतं. प्रकरण संपलं की दोघांनी आपापला अंदाज सांगायचा, "खरं की घातलेलं?" आणि मग मागची टीप काढून बघायची. हरेल त्यानं चहा करायचा. मात्र पुढच्या प्रकरणांच्या टिपा नजरेला पडल्या तर मजाच गेली. म्हणून वन्संनी पुठ्ठ्याची एक पट्टी कापून ठेवली होती. हवी ती टीप उघडी ठेवून खालचं सगळं पट्टीनं झाकायचं. पुस्तकासोबत ती पट्टीही आली होती, आणि चिठ्ठी. 'टिकटिक्याला वाचून दाखव. पट्टी लावल्याशिवाय मागे जाऊ नकोस.'

तिनं पट्टी बघितली. चांगला ताठ, सरळ कडेचा पुठ्ठा होता. समोर एक पँट पडली होती, तिच्या पायाला खडूनं खूण करायची होती. पट्टी तिकडे गेली ती तिकडेच राहिली.

आणि तिनं वाचायला घेतलं. एक माणूस होता. विचित्र यंत्रांचा नादी. त्यानं आपलं घर असल्या करामतींनी भरलेलं. एका खुर्चीत कुणी बसलं की खुर्चीचे हातच त्याला मिठी मारून धरून ठेवायचे.

"तुमच्यासाठी तीच हवी होती," ती वाचता वाचता म्हणाली.

उशीतून हसू आलं. मग आवाज आला, "पुढे वाच."

त्या माणसाची जहाजं समुद्रातल्या एका खडकावर फुटली. त्या खडकानं आधीही कितीतरी जहाजं खाल्ली होती. भरतीला तो पाण्याखाली जायचा आणि ओहोटीला दात दाखवायचा. या माणसानं ठरवलं, आपण त्या खडकावर दीपगृह बांधायचं. भर समुद्रात, चहूबाजूंनी लाटा, असं आजवर कुणी बांधलं नव्हतं. लोक हसले. पहिल्या उन्हाळ्यात खडकाला बारा भोकं पाडण्यापलीकडे काही झालं नाही.

"बारा भोकं," घड्याळजी म्हणाले. "एका उन्हाळ्यात. याला म्हणतात काम." आणि त्यांच्या लक्षातही आलं नाही की पन्नास मिनिटं उलटून गेली होती आणि ते जागचे हलले नव्हते. तिच्या लक्षात आलं. तिनं मशीनवरचं काम सरळ बाजूला सारलं.

दुसऱ्या दिवशी दीपगृह उभं राहिलं, दिवा लागला. साठ मेणबत्त्या. त्या प्रकरणाच्या शेवटी घड्याळजींनी मेणबत्त्यांची ओळ पुन्हा वाचायला लावली. मग फरशीकडे बघत म्हणाले, "ठरलं बघ. याचा दिवा टिकला, की माझाही टिकला."

"असलं काहीतरी ठरवू नये," ती म्हणाली.

"ठरलं म्हणजे ठरलं."

ते गमतीनं बोलत नव्हते. पन्नास वर्षं ज्या माणसानं काट्याला काटा जुळवला, तो असलं बोलतो तेव्हा किती घाबरलेला असतो, हे तिला कळलं. तिनं त्यांच्या मानेवरून हात फिरवला आणि विषय बदलला.

चौथ्या दिवशी घोटाळा झाला.

प्रकरण मोठं रंगलेलं होतं. गोष्ट थोडी मागे गेली होती. दिवा लागायच्या आधी, बांधकाम चालू असताना फ्रान्सचं जहाज येतं आणि त्या माणसाला पळवून नेतं, कारण दोन्ही देशांचं युद्ध चालू. पण फ्रान्सच्या राजाला कळतं तेव्हा तो भडकतो, आपल्याच माणसांना धरतो आणि म्हणतो, माझं युद्ध इंग्लंडशी आहे, माणुसकीशी नाही. सोडा त्याला. घड्याळजी इतके खूश झाले, की उशीतच टाळी वाजवली.

"खरं की घातलेलं? मी म्हणतो राजाचं घातलेलं. राजे असं बोलत नसतात. बघ मागे."

तिनं मागची पानं काढली. पट्टी नव्हती. बोट ठेवून शोधू म्हणाली. टीप सापडली. पळवून नेलं ते खरं, राजाचं वाक्य पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेलं. तिनं ते मोठ्यानं वाचलं. आणि तोंड वाचत असतानाच डोळे आपले एक ओळ खाली उतरले, जिन्यावर चुकून पुढची पायरी उतरावी तसे.

'नोव्हेंबर १७०३च्या महावादळात तो डागडुजीसाठी स्वतः दीपगृहात होता. सकाळी खडकावर वाकलेल्या लोखंडी सळयांपलीकडे काही उरलं नव्हतं. आत असलेल्यांपैकी कुणीही वाचलं नाही.'

तिनं पुस्तक असं मिटलं, जसं आतून काहीतरी बाहेर येणार होतं.

"हरलो म्हणजे," घड्याळजी म्हणाले. "चहा तूच कर पण. मी पालथा आहे."

ती स्वयंपाकघरात गेली. पाणी उकळून आटलं तरी तिनं चहा घातला नव्हता. ती स्वतःला समजावत होती. असल्या गोष्टींवर डोळे बरे होत नाहीत की बिघडत नाहीत. बुडबुडा आहे, पडदा आहे, डॉक्टरीणबाई आहेत. तीनशे वर्षांपूर्वीच्या लाकडी मनोऱ्याचा इथे काय संबंध? सगळं पटत होतं. पण चहाचा डबा उघडायचं काही सुचत नव्हतं. पट्टीनं पँटची खूण मारली नसती तर ही ओळ दिसलीच नसती. पण दिसली नसती तरी प्रकरण यायचं होतंच. आणि ते वाचायचं कोणी? तिनंच.

पाचव्या दिवशी तिनं वाचायचा वेग कमी केला. घसा दुखतोय म्हणाली. गिऱ्हाईक आलंय म्हणाली. एकदा तर चष्मा सापडत नाही म्हणाली, आणि चष्मा नाकावर होता. घड्याळजींना तो दिसत नव्हता हे नशीब.

सहाव्या दिवशी दुपारी ती कपडे पोचवायला खाली गेली. परत आली तर नवरा खुर्चीत सरळ बसलेला. तोंड वर. पुस्तक मांडीवर उघडं, आणि मंद डाव्या डोळ्याला दुकानातलं भिंग लावून अक्षरं शोधतोय.

"अहो!"

"दोनच मिनिटं झाली," ते ओशाळून म्हणाले. "तू कालपासून वाचतच नाहीस. तो तिथे अडकलाय, मी इथे."

तिनं काही न बोलता त्यांचं डोकं उशीत टेकवलं. इतक्या जोरात, की स्वतःलाच वाईट वाटलं. मग ती मोरीत जाऊन रडली. दोन मिनिटं. दोन मिनिटांत तो बुडबुडा कुठे गेला असेल? पडद्याची कड उसवली असेल का? कापडाची कड एकदा उसवली की तिला थांब म्हणून चालत नाही, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं?

वाचायचं थांबवलं तर हे उठतात. वाचलं तर दिवा विझतो. इकडे आड, तिकडे विहीर. अख्खी दुपार ती या दोन्हींच्या मध्ये शिवण घालत बसली आणि उसवत बसली.

सातव्या दिवशी थोरल्या वन्सं आल्या. हातात छत्री, पायात कॅनव्हासचे बूट आणि तोंडात पहिलंच वाक्य, "कुठवर आलास, टिकटिक्या?"

बायकोनं त्यांना हाताला धरून स्वयंपाकघरात ओढलं आणि दार लोटलं. सगळं सांगितलं. नवस म्हणा, पैज म्हणा, जे काय ते. दोन मिनिटांचं सांगितलं. आणि म्हणाली, "वादळाचं प्रकरण मी बदलणार आहे. दिवा टिकला असं वाचणार आहे."

वन्संचा चेहरा असा झाला, जसं कुणी परीक्षेत कॉपी करताना सापडलं. "अगं, पण ते खरं घडलंय! कादंबरीकारानं बाकी काहीही करावं, जेवणात काय होतं ते ठरवावं, कोण कुणाला काय बोललं ते लिहावं. पण मेलेल्याला जिवंत करायचं नाही. तोच तर या पुस्तकांचा धर्म आहे."

"मला तुमच्या भावाचा डोळा जिवंत ठेवायचाय."

"त्याला कळेल."

"कसं कळेल? दिसत तर नाही."

वन्संनी एकदा दाराकडे बघितलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "तू त्याच्यापुढची टीप तरी वाचलीस का? त्याच्या खालची ओळ..."

"पुरे, वन्सं! एक ओळ वाचली ती आयुष्याला पुरली. मला आणखी काही ऐकायचं नाही." तिनं दोन्ही हात कानांवर ठेवले. पन्नाशी उलटलेली बाई, पण ठेवले.

बाहेर येऊन वन्सं भावाजवळ बसल्या. त्याच्या टकलावर हात ठेवला. घड्याळजींनी फरशीलाच विचारलं, "ताई, तू वाचलंयस ना हे? वादळ येणार असं वाटतंय. तो परवा म्हणाला, जगातलं सर्वांत मोठं वादळ येईल तेव्हा मी माझ्या मनोऱ्यात असावं. टिकतो ना दिवा?"

बायको दाराशी उभी होती, तिची नजर वन्संच्या तोंडावर.

"टीप आधी सांगायची नाही, असा आपला नियम आहे," वन्सं म्हणाल्या. आवाज शिक्षिकेचा होता, पण शेवटच्या शब्दावर किंचित चिरला. मग त्यांना एकदम बसची आठवण झाली. बस अर्ध्या तासानं होती. तरी त्या गेल्या. छत्री विसरून गेल्या.

आठव्या दिवशी वादळाचं प्रकरण आलं.

तिनं पुस्तक उघडून मांडीवर ठेवलं आणि समोरच्या भिंतीकडे बघत वाचायला लागली. सुरुवातीला जीभ अडखळली. मग तिला वाट सापडली. त्या माणसाला शिवता येतं, असं तिनं ठरवून टाकलं. वाऱ्यानं खिडकीची झडप उपटली, तर त्यानं जहाजाचं जाड शीड आणलं, चार पदरी दुमडलं आणि मेणाच्या दोऱ्यानं चौकटीला शिवून टाकलं. आधी कच्चा धावदोरा, मग उलटी टीप, कारण ओढ बसली तर उलटी टीपच टिकते. कोपऱ्याला दुहेरी टाका. खालून लाट मनोऱ्याला धडका देत होती आणि हा माणूस दातात सुई धरून कड वळवत होता. साठातल्या एकोणसाठ मेणबत्त्या विझल्या. एकीभोवती त्यानं स्वतःचा कोट धरला. ती बोलत होती आणि बोलता बोलता तिचा स्वतःचा जीव वर-खाली होत होता. आपणच रचतोय हेही ती अधूनमधून विसरली. शेवटी उजाडलं, समुद्र निवला आणि किनाऱ्यावरच्या लोकांनी बोट दाखवलं, तो बघा, आहे!

ती थांबली. घसा कोरडा पडला होता. खोलीत फक्त भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक.

"हं," घड्याळजी म्हणाले.

एवढंच. खरं की घातलेलं, हे विचारलं नाही. मागे बघ म्हणाले नाहीत. आधी तिला वाटलं, सुटले. तासाभरानं वाटलं, विचारलं का नाही? त्यांनी आजवर एका प्रकरणाला सोडलं नव्हतं. नवव्या दिवशी तिनं पुढचं काहीबाही वाचलं, त्यालाही ते नुसतं हं म्हणाले. पण उठले मात्र नाहीत. पन्नास म्हणजे पन्नास, एकदाही नाही.

दहाव्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या डोळ्यात उजेड टाकला आणि बराच वेळ बघत राहिल्या. इतका वेळ बघायला काय आहे? चांगलं असलं तर पटकन दिसतं ना? बायको खुर्चीच्या पाठीचा रेक्झिन नखानं उकरत उभी होती.

"खालच्या बाजूनं पडदा धरलेला नाही," बाई म्हणाल्या. "पुन्हा उचलला गेलाय. दुसरं ऑपरेशन करावं लागेल. उद्याच. या वेळी गॅसऐवजी तेल घालू. आणि पुन्हा पालथं राहावं लागेल."

"दिसेल?" घड्याळजींनी विचारलं.

"शक्यता आहे. पहिल्यापेक्षा कमी, पण आहे."

बायकोच्या तोंडून निघून गेलं, "ते सहाव्या दिवशी दोन मिनिटं उठले होते. माझ्यामुळे. मी वाचायचं थांबवलं म्हणून."

"दोन मिनिटांनी असं होत नाही. काही डोळ्यांत होतं, कुणी काहीही केलं तरी होतं." बाईंनी तिच्याकडे नीट बघून सांगितलं. तिनं मान हलवली. पटलं नाही, पण हलवली.

दोघं बाहेर बाकावर येऊन बसले. कागद तयार व्हायचे होते. त्यांना आता मान वर करून बसायला मुभा होती, तरी त्यांची मान सवयीनं खालीच जात होती.

"पुस्तक आणलंयस?" त्यांनी विचारलं.

पिशवीत होतं. का आणलं ते तिलाही सांगता आलं नसतं.

"वादळाचं प्रकरण परत वाच," ते म्हणाले. "या वेळी पानं उलटून."

तिचा हात पिशवीतच राहिला.

"तुला एक पान वाचायला दोन मिनिटं दहा सेकंद लागतात. भांडण असलं की दोन मिनिटं. परवा तू चाळीस मिनिटं वाचलंस आणि एकदाही पान उलटल्याचा आवाज आला नाही." ते फरशीकडेच बघत होते. "अगं, मी आयुष्यभर काय ऐकत आलो? कुठला आवाज यायला हवा होता आणि आला नाही, हेच ना? आणि इंग्लंडातल्या त्या साहेबाला उलटी टीप येते, होय?"

ती रडायला लागली. दवाखान्याच्या बाकावर, लोकांदेखत. "मग बोललात का नाही?"

"तू एवढा मनोरा उभा धरला होतास. मी हललो असतो तर पडला असता." थोड्या वेळानं ते म्हणाले, "म्हणून हललो नाही. शेवटचे दोन दिवस तर अजिबात नाही. माझा दिवा टिकेल असं वाटून नाही, तुझा पडू नये म्हणून."

तिनं पदरानं तोंड पुसलं. पुस्तक काढलं. वादळाचं प्रकरण काढलं आणि वाचलं, जसं होतं तसं. ते फार लांब नव्हतं. कादंबरीकारानंही वाढवलं नव्हतं. वारा, आवाज, किनाऱ्यावर उभी माणसं, आणि सकाळी रिकामा खडक. पानं उलटताना ती मुद्दाम आवाज करत होती. संपलं तेव्हा घड्याळजींच्या डाव्या डोळ्यातून पाणी येत होतं. उजव्यातूनही येत होतं, पण तो आजारी होता, त्याचं काय धरायचं.

"खरं," ते स्वतःच म्हणाले. "हे घातलेलं नाही. पैज लावत नाही मी."

"खरं," ती म्हणाली.

"आणि खडक?"

"काय?"

"खडकाचं पुढे काय झालं? जहाजं तर येतच असणार. टिपेत काही आहे का बघ."

तिनं मागचं पान काढलं. ती ओळ तिथेच होती, वाकलेल्या सळया, कुणीही वाचलं नाही. तिनं सहा दिवस ती ओळ झोपेत-जागेपणी वाचली होती. तिच्या खाली आणखी एक ओळ होती. वन्सं स्वयंपाकघरात हीच सांगायला निघाल्या होत्या आणि तिनं कान झाकले होते. तिनं त्या दिवशी एक ओळ जास्त वाचली होती आणि एक ओळ कमी.

"काही वर्षांनी," तिनं वाचलं, आणि आवाज सावरायला थांबली, "काही वर्षांनी त्याच खडकावर दुसरं दीपगृह उभं राहिलं. ते उभारणारा माणूस रेशमाचा व्यापारी होता."

"कापडवाला?"

"कापडवाला."

घड्याळजी हसले. दहा दिवसांत पहिल्यांदा पोटातून हसले. मग हसू ओसरलं आणि त्यांनी चाचपडत तिचा हात धरला. त्यांचा हात गार पडला होता. जो हात घड्याळातली केसासारखी बारीक स्प्रिंग न हलता उचलायचा, त्यानं तिची बोटं घट्ट धरून ठेवली.

"ते तरी टिकलं का?" त्यांनी विचारलं.

तिची नजर खाली जायला निघाली. पानावर अजून दोन ओळी होत्या. तिनं पिशवीत हात घातला, खडूचे डाग पडलेली पुठ्ठ्याची पट्टी काढली आणि त्या ओळींवर ठेवली. सकाळी पँटखालून ती सापडली होती.

"ते पुढच्या दहा दिवसांत बघू," ती म्हणाली.

आतून त्यांच्या नावाचा पुकारा झाला. कागद तयार होते. घड्याळजी उठायला लागले आणि पुन्हा बसले. त्यांनी वाकून कपाळ तिच्या मांडीवरच्या पिशवीवर टेकवलं, तोंड जमिनीकडे. अजून कुणी सांगितलंही नव्हतं.

"एक मिनिट थांबतील ते," ते पिशवीतून म्हणाले. "तू पुढचं प्रकरण सुरू कर. आणि पान उलटलेलं मला ऐकू येऊ दे."